‘सांगली हळद’, 4.4 तारे: पाकिटाबद्दल थोडं आणि त्याखालच्या अभिप्रायांबद्दल बरंच

आधी हळदीचं सांगून टाकते. अर्धा किलोचं पाकीट, वर ठळक अक्षरांत ‘सांगली हळद’, ऑनलाइन दुकानात 4.4 तारे. हळद खोटी वाटली नाही, पण जुनी आहे. वास उतरलाय. भाव आमच्या सांगलीच्या गणपती पेठेतल्या किरकोळ दरापेक्षा चढा. पाचपैकी तीन तारे. ज्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी पुढं नाही वाचलं तरी चालेल.

मला बोलायचंय ते त्या पाकिटाखाली लागलेल्या शेकडो अभिप्रायांबद्दल. कारण माझी भाची बंगळुरात असते आणि तिनं मला फोनवर विचारलं ते असं, ‘आत्या, सांगलीचीच आहे, साडेचारच्या आसपास तारे आहेत, घेऊन टाकू ना?’ हळद कशी आहे हे तिनं विचारलंच नाही. ताऱ्यांनी ते आधीच सांगून टाकलं होतं. म्हटलं थांब, मी इथं मागवते, बघते, मग सांगते.

आमचा सांगलीत चटणीचा डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, आहे. फेब्रुवारी सरला की मिरची कुटायला रांग लागते ती पाऊस तोंडावर येईपर्यंत हटत नाही, आणि त्याच दिवसांत शेजारच्या पल्व्हरायझरवर हळद दळून जाते. लोक मार्केट यार्डातून नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं आणतात, कुणी सेलम जातीची, कुणी राजापुरी. हळकुंड हातात घेऊन मोडायचं. कटकन मोडलं आणि आवाज खणखणीत आला तर वाळलंय. वाकलं किंवा मऊ तुटलं तर अजून ऊन पाहिजे, नाहीतर ते जाळीला चिकटून बसतं आणि आमचा अर्धा तास जातो. मोडल्यावर आतला गाभा बघायचा, नाकाजवळ न्यायचा. पोत्यावर काय लिहिलंय त्याकडे यार्डातही कुणी बघत नाही. ढिगात हात घालतात, हळकुंड फोडतात, मग सौद्याचं बोलणं.

ऑनलाइन दुकानात हात घालता येत नाही. म्हणूनच अभिप्राय. माझ्याआधी ज्यानं ढिगात हात घातला तो मला काय लागलं ते सांगतोय, एवढाच त्यामागचा विश्वास. मला ही सोय मनापासून पटते. परगावी राहणाऱ्या माणसाला दुसरा आधार काय? पण मग तो सांगणारा कोण आहे, त्याला काय कळतं, त्याला बोलायला कुणी लावलंय आणि ज्यांचं बोलणं मधेच काढून टाकलं ते काय म्हणत होते, हे सगळं तपासावं लागतं. मी ते एका पाकिटापुरतं तपासलं.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती तारखांची. पाच तारे देणाऱ्या बहुतेकांनी पाकीट आलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहिलंय. ‘पॅकिंग छान’, ‘वेळेत मिळालं’, ‘रंग एकदम भारी’. हे खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. दुकानाचं ॲपच पार्सल हातात पडल्या पडल्या तारे मागायला लागतं, माणूस बोट लावतो आणि मोकळा होतो. पण हळदीची परीक्षा त्या दिवशी होत नाही. पाकीट फोडल्यावर महिन्याभरानं डबा उघडावा आणि वास घ्यावा. हळदीचा वास तिच्यातल्या तेलाचा असतो आणि ते तेल उडून जाणारं. दळताना यंत्र तापलं तर तिथंच थोडं उडतं, पुढं पूड होऊन जितके महिने पडून राहील तितकं उडत राहतं. रंगाला उजेड सोसत नाही, काचेच्या बरणीत खिडकीपाशी ठेवलेली हळद फिकी पडते. यातलं काहीही पहिल्या दिवशी दिसत नाही. मला सगळ्यात उपयोगी वाटलेला अभिप्राय एका माणसाचा होता. त्यानं आधी चार तारे दिले होते आणि तीन महिन्यांनी परत येऊन ‘वास अजिबात राहिला नाही’ असं लिहून दोनवर आणले होते. तो शोधायला मला किती खाली जावं लागलं! वर दिसत होते ते सगळे पहिल्या दिवसाचे.

दुसरी गोष्ट रंगाची. ‘रंग भडक पिवळाधमक, पाच तारे’ हे इतक्यांनी लिहिलंय की वाचणाऱ्याला वाटावं, भडक म्हणजे चांगली. आमच्याकडे उलटं आहे. चांगल्या हळकुंडाची पूड केशरीकडे झुकते, पिवळीधमक दिसलीच तर आम्ही दोनदा बघतो. हळदीत जे विषारी रंग घातले जातात त्यातला लेड क्रोमेट हा झगझगीत पिवळाच असतो आणि तो शिशाचा आहे. मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारं ते शिसं. डोळ्यांना आवडला म्हणून रंगाला दिलेला तारा पुढच्या माणसाला नेमका चुकीच्या पाकिटाकडे नेऊ शकतो, आणि तारा देणाऱ्याच्या मनात पाप नसतं.

आता तो एक तारा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तो वाचून माझा जीव कळवळला.

एका बाईंनी लिहिलंय, वरणाचा डाग पदराला पडला, साबण लावला तर डाग लाल झाला, म्हणजे यात केमिकलचा रंग आहे, कुणीही घेऊ नका. सोबत फोटो. नावाखाली ‘खरेदीची खात्री झाली’ असं हिरवं चिन्ह. आणि ‘हा अभिप्राय उपयोगी पडला’ असं दाबणाऱ्यांची संख्या त्या पानावर सगळ्यात जास्त. मी फोटो मोठा करून पाहिला. डागाच्या कडा पिवळ्या, जिथं साबण घासला तिथं विटकरी लाल. अहो, हळद अशीच वागते! तिच्यातलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, साबण-चुन्यासारख्या आम्लारीला लागलं की लाल होतं. मुका मार लागला की आपण हळद-चुन्याचा लेप लावतो तो लाल होतो तो याचमुळे. शाळेत हळदीचा कागद करून आम्ल कुठलं, आम्लारी कुठलं ते ओळखायला शिकवतात तेही हेच. त्या लाल डागावर लिंबू पिळलं असतं तर तो परत पिवळा झाला असता. उलट मेटॅनिल यलोसारख्या खोट्या रंगाला साबणानं काही होत नाही. तो तीव्र आम्लात गुलाबी-जांभळट होतो. म्हणजे बाईंनी जो फोटो भेसळीचा पुरावा म्हणून लावला, तो हळदीच्या बाजूची साक्ष देत होता.

आता यातलं खोटं कुणाचं? बाई खऱ्या. पाकीट त्यांनी खरंच घेतलं. डाग खरा, राग खरा. तपासणाऱ्यानं काय तपासायचं? शिवी नाही, कुणाचा फोन नंबर नाही, जाहिरात नाही, एकाच माणसाची दहा खाती नाहीत. सगळ्या चाळण्यांतून हा अभिप्राय सहज जातो, आणि तरी तो चूक आहे. माणूस खरा आहे की नाही हे दुकान तपासतं. त्याचं म्हणणं खरं आहे की नाही हे कुणीच तपासत नाही, आणि वाचणारा त्या हिरव्या चिन्हाकडे बघून दोन्ही तपासलं असं धरून चालतो. माझी भाचीसुद्धा तसंच धरून चालली होती.

मोठ्या विक्रेत्याला हा एक तारा टोचतही नाही. नऊशे पाच-ताऱ्यांत तो कुठे जातो कळत नाही. पण आमच्याकडे बचत गटाच्या बायका हळद दळून नेतात, पाकिटं भरतात आणि अलीकडे त्यांनीही ऑनलाइन विकायला सुरुवात केलीय. त्यांच्या पाकिटाखाली नऊ जणांनी पाच-पाच तारे दिलेले असले आणि दहाव्यानं ‘साबणानं लाल झाली’ म्हणून एक दिला, की सरासरी पाचावरून 4.6 वर येते. आणि तो फोटो वर चढून बसला की पुढचं गिऱ्हाईक पान बंद करतं. त्या एका ताऱ्याखाली कुणीतरी दोन ओळींचं उत्तर द्यायला हवं होतं. विक्रेत्याला उत्तर द्यायची सोय त्या पानावर आहे. मी घेतलेल्या पाकिटाच्या विक्रेत्यानं दिलं नव्हतं. ज्याला हळद कळते त्यानं दिलं असतं.

आणि याच विक्रेत्याचं दुसरं रूप पाकिटाच्या आत सापडलं.

बाहेरचं खोकं आणि आतली पिशवी यांच्या मधे एक चकचकीत कार्ड घडी घालून ठेवलेलं. त्यावर लिहिलेलं, पाच तारे द्या, स्क्रीनशॉट अमुक व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पन्नास रुपये मिळवा. त्याखाली बारीक अक्षरांत, काही तक्रार असेल तर तारे देण्याआधी आम्हाला फोन करा. ही दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा जास्त खटकली. खूश असलेल्यानं पानावर बोलायचं आणि नाराज असलेल्यानं फोनवर. म्हणजे नाराजी लोकांसमोर यायच्या आधीच बाजूला काढायची. कार्ड हातात धरून मी ते अभिप्राय पुन्हा वाचले. ‘पॅकिंग छान, क्वालिटी छान, पैसे वसूल’ हीच वाक्यं थोड्याफार फरकानं ओळीनं लागलेली. यातलं कोणतं पन्नास रुपयांचं आणि कोणतं मनापासूनचं हे मी सांगू शकत नाही. बाहेरून ते कुणालाच ओळखता येणार नाही, आणि त्यामुळे मनापासून लिहिणाऱ्याचा शब्दही संशयात जातो. मला याची चीड आहे.

कायदा काय म्हणतो ते मी बघितलं, कारण नुसतं चिडून उपयोग नसतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै 2020 मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. त्यात स्पष्ट आहे की विक्रेत्यानं ग्राहक असल्याची बतावणी करून अभिप्राय टाकायचा नाही आणि मालाच्या दर्जाबद्दल खोटं चित्र उभं करायचं नाही. पण इथं बतावणी करणारं कुणीच नाही. ग्राहक खरा आहे, त्याचं मत फक्त विकत घेतलंय. पुढं नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोनं खास ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, आयएस 19000:2022. ते या ठिकाणी जास्त नीट बोलतं. विकत घेतलेले किंवा त्या कामासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहून घेतलेले अभिप्राय छापायचे नाहीत, लिहिणाऱ्याची ईमेल, फोन किंवा मेसेजनं ओळख पटवायची, छाननी यंत्रानं करा नाहीतर माणसानं करा पण त्याचे नियम लेखी ठेवा, तारे कसे मोजले ते सांगा. सगळं रास्त आहे. पण ते आणलं ऐच्छिक म्हणून. हळदीच्या बाबतीत असं चालत नाही. पुडीत कर्क्युमिनॉइड, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची रंगद्रव्यं, दोन टक्क्यांपेक्षा कमी नको आणि लेड क्रोमेटचा अंश सापडता कामा नये, हे अन्न सुरक्षेचं मानक पाळायचं की नाही असा पर्याय विक्रेत्याला नाही. पाकिटातल्या मालाला सक्ती आणि त्या मालाबद्दल छापल्या जाणाऱ्या शब्दाला मर्जी, हा फरक मला पटत नाही, कारण आता गिऱ्हाईक माल बघून घेत नाही, तो शब्द बघून घेतं.

अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून जो नियम लागू झाला त्यात ही कार्डाची गोष्ट थेट धरलीय. चांगलंच किंवा वाईटच लिहायचं या अटीवर पैसे किंवा बक्षीस देता येत नाही. तिथलं एक आधीचं प्रकरण मला फार बोलकं वाटलं. फॅशन नोव्हा नावाची कपडे विकणारी कंपनी आहे. तिच्या संकेतस्थळावर चार आणि पाच तारे आपोआप लागायचे आणि त्याखालचे ‘मंजुरीसाठी’ थांबायचे. ती मंजुरी वर्षानुवर्षं आलीच नाही, लाखो अभिप्राय तसेच पडून राहिले. 2022 मध्ये त्यांना 42 लाख डॉलर भरावे लागले. त्या पानावर दिसणारा प्रत्येक अभिप्राय कदाचित खरा असेल. तरीही पान खोटं होतं. छाननी म्हटलं की आपण खोटं काढून टाकणं एवढंच समजतो. खरं काढून टाकूनही तितकंच फसवता येतं.

हे मी इतकं ठामपणे सांगते कारण माझा अभिप्राय असाच गेला.

मी सविस्तर लिहिलं होतं. हळद पाण्यात टाकली तर बहुतेक तळाला बसली आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहिलं, म्हणजे पाण्यात सुटणारा रंग घातल्याचं दिसत नाही. वास जुना. दळण फार बारीक, मैद्यासारखं, त्यामुळे फोडणीत लवकर करपते. पाकिटावर पुढं सांगली, मागं भरल्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचं चिन्ह पाकिटावर नाही. आणि शेवटी, आत पन्नास रुपयांचं कार्ड निघालं, फोटो जोडलाय. दुसऱ्या दिवशी निरोप आला की तुमचा अभिप्राय आमच्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही. कोणतं वाक्य बसत नाही ते नाही. सूचनांचं पान उघडलं तर ते हातभर लांब.

ई-कॉमर्सच्या त्याच नियमांत एक सोय आहे, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. प्रत्येक ऑनलाइन दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो. तक्रार केल्यावर त्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. मी लिहिलं. पोच वेळेत आली. पुढं उत्तर आलं ते सभ्य भाषेत होतं. मालाच्या अभिप्रायात विक्रेत्याबद्दल, पॅकिंगबद्दल किंवा पार्सलबद्दल लिहिता येत नाही, त्यासाठी वेगळा रकाना आहे. कार्डाची तक्रार तिसऱ्याच ठिकाणी करायची. ती सगळी वाक्यं काढून मी पुन्हा टाकलं आणि ते लगेच लागलं.

त्या नियमामागचं कारण मला समजतं, आणि ते चुकीचं नाही. डिलिव्हरीचा पोरगा पावसात उशिरा आला म्हणून हळदीला एक तारा देणारे त्याच पानावर आहेत. त्यात हळकुंड पिकवणाऱ्याचा काय दोष? पण तोच नियम ‘पॅकिंग छान, पाच तारे’ला लागला नाही. ते आजही तिथंच आहे. पॅकिंगची स्तुती चालते आणि पॅकिंगमध्ये काय निघालं ते चालत नाही, असा त्याचा अर्थ झाला. आणि माझ्या अभिप्रायातली जी ओळ बाकीचे सगळे तारे किती विश्वासाचे हे ठरवायला लागते, नेमकी तीच गळली. आता माझी भाची ते पान उघडेल तेव्हा तिला माझे तीन तारे दिसतील, वास जुना हे दिसेल, आणि कार्डाचं काहीच कळणार नाही.

मी मागते ते फार मोठं नाही. अभिप्राय नाकारला तर कोणत्या ओळीमुळे ते सांगा आणि ती ओळ सोडून बाकीचं लावा. पानावर एवढंच लिहा की इतके अभिप्राय आले, इतके काढले, अमुक कारणानं. पाकिटात पैशाचं कार्ड निघालं हे तीन-चार खऱ्या ग्राहकांनी फोटोसकट कळवलं तर त्या विक्रेत्याचे तारे चौकशी होईपर्यंत झाकून ठेवा. आणि पहिल्या दिवसाचे अभिप्राय वेगळे, महिन्यानंतरचे वेगळे दाखवा. खरेदीची तारीख दुकानाकडे असतेच, त्यांना हे अजिबात अवघड नाही.

अजून एक गोष्ट त्या पानावर दिसली ती सांगायची राहिली. शेकडो म्हटलं त्या अभिप्रायांत मधेच ‘झणझणीत आहे, कोल्हापुरी रश्शाला एक नंबर’ असं वाचायला मिळतं. हळद झणझणीत? त्याच विक्रेत्याची लाल तिखटाची, धणेपुडीची पाकिटं याच पानावर वेगवेगळे ‘प्रकार’ म्हणून जोडलेली होती आणि सगळ्यांचे तारे एकत्र मोजले जात होते. हळद पानावर नव्यानं लागली असली तरी तिखटाच्या जिवावर तिला पहिल्याच दिवशी चार-साडेचार तारे मिळणार. 2023 मध्ये अमेरिकेत जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल कंपनीला आपला नवा माल असाच जुन्या खपणाऱ्या मालाला जोडल्याबद्दल सहा लाख डॉलर भरावे लागले. अभिप्राय वाचताना आधी तो कोणत्या मालाचा आहे ते बघा. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

मला कुणी विचारेल, एवढ्या अर्ध्या किलो हळदीसाठी कशाला? हळद सांगलीची म्हणून विकली जाते म्हणून. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत पेवं खणून हळद साठवायची पद्धत पिढ्यानपिढ्या चालली. 2005 च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली, तरी बाजार उठला नाही. काहिलीत हळद शिजवण्यापासून ती उन्हात उलथवून वाळवण्यापर्यंत आणि ढोलात घालून पॉलिश करण्यापर्यंत शेतकऱ्याच्या घरातली सगळी माणसं त्यात असतात. सांगली हे नाव पाकिटावर छापल्यावर चढा भाव मिळतो तो या माणसांच्या कामामुळे. त्या नावाला पन्नास रुपयांच्या ताऱ्यांनी उचलावं आणि साबणाच्या डागाच्या फोटोनं पाडावं, हे मला सोसत नाही.

आणि जिवाचा प्रश्न आला की तारे कामाला येत नाहीत, हेही स्वच्छ सांगायला हवं. बांगलादेशात हळदीला रंग यावा म्हणून लेड क्रोमेट लावायची चाल मोठ्या प्रमाणात होती. 2019 मध्ये तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारनं आणि संशोधकांनी मिळून घाऊक बाजारात यंत्र नेऊन जागच्या जागी तपासण्या केल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, लोकांना सांगितलं. 2021 मध्ये तेच प्रमाण शून्यावर आलं. हे शिसं गिऱ्हाइकाच्या जिभेला कधीच कळलं नसतं. शिशाला चव नसते, वास नसतो, आणि रंग तर सगळ्यांना आवडतच होता. तेव्हा ‘शुद्ध आहे, नि:शंक घ्या’ असं कुणी घरच्या ग्राहकानं लिहिलेलं असेल तर त्या वाक्याला काही किंमत देऊ नका. ते कळतं फक्त तपासणीच्या यंत्रावर नाहीतर प्रयोगशाळेत.

भाचीला मी शेवटी काय सांगितलं ते लिहिते, तुम्हालाही उपयोगी पडेल. पूड घेऊच नको, अख्खी हळकुंडं मागव. ती ऑनलाइन मिळतात, किलोला स्वस्तही पडतात. आली की दोन-तीन मोडून बघ, आवाज ऐक, गाभा बघ, वास घे. वरून फारच चकचकीत पिवळी असतील तर ओल्या फडक्यानं पूस आणि फडक्याला किती रंग लागतो ते बघ. मग जवळच्या गिरणीत दळून आण, बंगळुरातही कुठंतरी मसाला दळून देतातच. एका वेळी तीन-चार महिन्यांपुरती दळ, डब्यात ठेव, बरणीत नको. पूडच घ्यायची वेळ आली तर पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो ज्यानं टाकलाय तो अभिप्राय आधी वाच. भरल्याची तारीख, भरणाऱ्याचा पत्ता आणि परवान्याचा 14 आकडी क्रमांक त्यातच दिसतो, तो मत नसून कागद आहे. पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोड, दोन ते चारमधले वाच, त्यांना सांगायला काहीतरी असतं. पैशाचं कार्ड निघालं तर फोटो काढून ठेव आणि 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदव. मी नोंदवलीय.

तिनं हळकुंडं मागवली. ती कशी निघाली ते ती स्वतः त्या पानावर लिहिणार आहे. मी तिला म्हटलंय की महिना जाऊ दे, मग लिही.